हरणीचा गॉगल

उद्यमनगरात मी रात्रपाळीला असतो.
बारा मिलिमीटरची प्लेट
हूं की चूं न करता दुभंगते,
मी फक्त ड्रॉइंग लावतो, बटण दाबतो,
खाली ठिणग्यांचा चुरा पडत राहतो.
सात वर्षं झाली. डाव्या मनगटावर दोन डाग आहेत,
त्यांचं काही नाही.

त्यामुळं इंगवले मॅडम म्हणाल्या,
हरणीला लेसर देऊया,
तेव्हा माझा हात आपोआप
तिच्या मागच्या पायांवर गेला.
म्हटलं, नको.

हरणी कारवानी. बारा वर्षांची.
एके काळी कागलच्या माळावर
सशाच्या पुढं जाऊन थांबायची,
मागं वळून बघायची, येतोय का म्हणून.
आता खुब्यात संधिवात.
बसली की उठायचा विचार करते
आणि विचारातच सकाळचे आठ वाजतात.
गोळ्यांनी पोट बिघडलं,
रक्त तपासलं तर मूत्रपिंडही कुरकुरतंय.
राहिला उजेड.

मॅडम म्हणाल्या, तुमचा सुईच्या टोकावर उभा राहतो,
म्हणून कापतो. हा पसरून चालतो.
आणि तो लाल ठिपका नुसता वाट दाखवायला,
खरा उजेड डोळ्यांना दिसत नाही.
म्हटलं, एवढं माहीत आहे मॅडम,
आमचा पण दिसत नाही.

मग गॉगल. मला एक, मॅडमना एक,
इरफानला एक, आणि हरणीला
कानामागून इलॅस्टिक लावलेला, निळा,
तिच्या लांबट तोंडावरून सारखा घसरणारा.
गोव्याला निघालीस व्हय गं, इरफान म्हणाला.
हा इरफान शिकलगार. मान धरायला.
आज्यानं जन्मभर विळे, कात्र्या, अडकित्ते पाजळले,
आणि मी बघा, म्हणतो,
बिनधारेच्या पात्याला नोकरीला.

मॅडमचा हात सारवल्यासारखा फिरतो,
खुब्यावरून कमरेकडं, कमरेवरून परत.
पाठीवरच्या काळ्या पट्ट्यावर जरा घाईनं,
काळे केस ऊन लवकर पितात.
यंत्र मध्येच टुक् करतं.
हरणी जीभ बाहेर काढते, आत घेते.
बाहेर ताराबाई पार्कातलं एक मांजर
टोपलीतून सगळ्या जगाला शिव्या देत असतं.

एका बसणीचे पाचशे. अशा आठ.
गल्लीतल्या बाळू चौगुलेनं हिशोब केला,
आमच्या म्हातारीच्या गुडघ्याला कोण लाईट दाखवंना,
आणि तू कुत्रीला दाखवतोस!
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.
दोन दिवसांनी तोच दारात, आवाज खाली,
माणसाला पण देतात काय रं?

पहिल्या तीन बसण्यांत काहीच नाही.
चौथीनंतर तिनं अंग झटकलं,
पूर्ण, नाकापासून शेपटीपर्यंत,
जे ती दिवाळीपासून अर्ध्यात सोडून देत होती.
मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या,
लिहून ठेवा. आणि लगेच,
हे औषध वय मागं नेत नाही, एवढं लक्षात ठेवा.

रात्री मशीनसमोर उभा असतो.
काचेपलीकडं पोलादाच्या पत्र्यात
एक गोल भोक पडतं, कडा निळी होते.
तीच जात. तोच उजेड.
कुणाच्या हातात किती वेळ थांबतो
एवढ्यावरच सगळं.

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या.
मी पाळी संपवून येतो, सातच्या सुमाराला,
ती खालून निघते.
आधी चौथीला थांबायची.
आता सहावीला थांबते,
वर बघते, मग माझ्याकडं,
जणू ससा मीच आणि मीच मागं पडलोय.

वर बोलवत नाही मी तिला.
कपबशी आणि तिची भाकरी घेऊन
पाच पायऱ्या उतरतो,
सहावीवर बसतो.
जागा अरुंद आहे.
ती थोडी सरकते.